उघडं हसू

प्रयोगशाळेच्या दारात ती थबकली. थिनरचा वास — थेट मस्तकात जाणारा! आत एक तरुण रंगारी स्प्रेगनने कपाटं रंगवत होता, आणि मास्क लोंबत होता गळ्यात.

"अहो, मास्क नाकाला लावतात. गळ्यात हार घालतात."

"लावला असता, मॅडम. पण मग हसलेलं दिसणार कसं?"

आणि तो हसला. झालं! काही जणांना हसू देताना देव हात आखडता घेत नाही, त्यातलाच हा.

आता तिचं कामच मुळी मेंदूच्या पेशींचं. काचेच्या बशीत त्या वाढवायच्या, वर थिनरमधलंच रसायन सोडायचं, आणि लोखंडाला गंज चढावा तशा त्या आतून कशा झिजतात ते बघायचं. एका वनस्पतीचा अर्क आधी दिला, तर पुष्कळशा वाचत. मागाहून दिला, तर... नाही.

चहा पिताना ती हे सगळं त्याला सांगे.

"म्हणजे माझ्या डोक्याची बशी झालीय म्हण की!"

"थट्टा पुरे. मास्क लाव."

"तूच लावून दे."

ती लावायची... आणि घटकाभरात स्वतःच खाली ओढायची, तेवढंच ते हसू दिसावं म्हणून. कपाटं संपली, तरी त्याच्या प्रत्येक नव्या कामावर ती जायची. बंद खोलीत, त्याच वासात गप्पा रंगायच्या. दरडावलं मात्र तिने कधीच नाही. हिरमुसला तर?

अशी वर्षं गेली. आधी त्याचा हात थरथरू लागला. मग शब्द हरवू लागले, मग कालचा दिवस.

"मिसरूड फुटलं तेव्हापासून या वासात आहे तो," त्याची आई म्हणाली. "माझं नाही ऐकलं. तुझं ऐकलं असतं गं, पोरी... एकदा तरी रागवायचंस."

समजण्यासारखं होतं, ते सगळं तिला पहिल्यापासून समजत होतं. हेच तर बोचत होतं.

आता रोज दुपारी ती त्याला गच्चीवर, मोकळ्या हवेत बसवते. आज तो बराच वेळ चुळबुळ करत राहिला.

"एक विचारू? लग्न... करशील माझ्याशी?"

परवाही त्याने हेच विचारलं होतं. त्याआधीही. दर वेळी ती 'हो' म्हणाली होती.

"करीन की," ती लाजली, खरीखुरी लाजली. "पण इतके दिवस का थांबलास, वेड्या?"

"भीती वाटायची... रागावशील म्हणून."

"मी? मी कधी रागावलेय तुझ्यावर..." ती म्हणाली, आणि पुढचं तिला बोलवेना.