येताना तीन तिकिटं

लोक लाओसला फिरायला जातात. आम्ही पोराला आणायला गेलो होतो.

मी देवानंद, राहणार अमडापूर, तालुका चिखली. एकतीस वर्षं एसटी चालवली, एकही पॅसेंजर अर्ध्या रस्त्यात सोडला नाही. आणि माझाच पोरगा प्रसेनजित, आमचा पश्या, सव्विसाव्या वर्षी परक्या मुलखातल्या जंगलात राहून गेला. पुण्याच्या नोकरीतून महिन्याची सुटी काढून, पाठीवर पिशवी टाकून तो एकटाच लाओस हिंडायला गेला होता. ऑगस्टात एक ओढा ओलांडताना लोंढा आला. सहा दिवसांनी खालच्या खेड्यातल्या लोकांना तो सापडला आणि त्यांनी त्याला तिथंच पुरलं. आमच्याकडे आली ती त्याची निळी पाठपिशवी, पासपोर्ट आणि शिक्का मारलेला एक कागद.

पश्याच्या आईनं, सुवर्णानं, चार महिने ती पिशवी धुतली नाही. मग एका सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, आपण जाऊ. तिला पोराला मूठमाती द्यायची होती, दुसरं काही नाही. आमच्या वावरातली मूठभर काळी माती तिनं पश्याच्या लहानपणच्या सदऱ्याच्या फडक्यात बांधली आणि गळ्यात अडकवूनच विमानात बसली.

माझ्या मनात वेगळंच होतं. हाडं आणायच्या परवानगीसाठी अर्ज करकरून मी थकलो होतो. म्हणून शालीत गुंडाळून एक खुरपं पश्याच्या निळ्या पिशवीच्या तळाशी घातलं आणि विमानतळावर ती सामानात दिली. पोराला उकरून काढायचं, त्याच्याच पिशवीत घालायचं आणि घरी आणायचं. जाताना दोन तिकिटं, येताना तीन. सुवर्णाला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

एकोणसाठ वर्षांचा मी, चोपन्नची ती. नागपूर, कोलकाता, बँकॉक, विएनतियान! लाओसच्या त्या राजधानीतल्या मुक्कामाच्या घरात सगळी विशी-पंचविशीची गोरी जोडपी. पाठीवर निळी पिशवी घेतलेला म्हातारा आणि त्याच्या मागे नऊवारीतून पाचवारीत आलेली त्याची बायको बघून एका पोरीनं कौतुकानं विचारलं, हनीमून का? एवढं इंग्रजी सुवर्णाला कळतं. ती हसली आणि मोरीत जाऊन रडली. मी बाहेर उभा राहून तिथल्या बेसिनचा नळ मोठा सोडला, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

पुढे डोंगरातल्या फोनसावन गावची बस. दहा तास नुसता घाट! ड्रायव्हर पोरगा उताराला गिअर काढून गाडी सोडत होता आणि मी माझ्या सीटवर रिकाम्या पायानं ब्रेक दाबत होतो. सुवर्णानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा कुठं पाय थांबला. तिथल्या स्टँडवर एक मोठी पाटी होती. चित्रात एक पोरगं, त्याच्यासमोर मोसंबीएवढा चेंडू आणि वर लाल फुली. मी तिला समजावून सांगितलं, रस्त्यावर चेंडू खेळू नका म्हणतात. माझ्यासारख्या ड्रायव्हर माणसाला दुसरं काय सुचणार?

डांबरी रस्ता संपला तिथं एक विहार होतं. तिथले भिक्खू, भन्ते सोमफोन, बुद्धगयेला शिकलेले, मोडकं हिंदी बोलायचे. आमचा कागद वाचून त्यांनी ते खेडं ओळखलं. संध्याकाळच्या वंदनेला आम्हाला शेजारी बसवून घेतलं. जमलेल्यांची भाषा आम्हाला परकी, आमची त्यांना. पण "बुद्धं सरणं गच्छामि" सुरू झालं आणि सुवर्णाचा आवाज आपसूक त्यांच्यात मिसळला. चाल वेगळी, उच्चार वेगळे, वाक्य तेच. अमडापूर सोडल्यापासून तिचा आवाज मोकळा झालेला मी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे भन्ते आमच्याबरोबर निघाले. दिवसभराची चाल होती. बांबूचं बन इतकं दाट की उजेड चाळणीतून गाळल्यासारखा खाली येत होता, आणि चढ असा की भिंतीला शिडी लावल्यासारखा. सुवर्णाचा पाय दोनदा मुरगळला. मी पिशवी पुढं छातीवर घेतली आणि तिला मागून हात दिला. एका उतारावर दोघंही घसरलो, वेलाला धरून लोंबकळलो आणि खाली खडकांवर आपटता आपटता वाचलो! भन्ते घाबरून परत जाऊ म्हणायला लागले. सुवर्णानं पदर खोचला आणि त्यांच्या पुढं चालायला लागली.

दुपारी ओढा लागला. भन्तेंनी खूण केली, हाच तो.

फेब्रुवारीचं पाणी गुडघ्याएवढं. तळाचे गोटे दिसत होते, बारके मासे पायाला लागत होते. सुवर्णा मधोमध थांबली, वाकली, पाण्यात हात घातला.

"पश्याचे बाबा, एवढ्याशा पाण्यात गेला का हो तो?"

पावसाळ्यात आपल्या पैनगंगेचं पाणी कसं येतं ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. पाणी वाहत होतं, थंडगार, आणि आम्ही दोघं त्याला शिव्या द्यायलाही विसरलो होतो.

गाव दहा-बारा घरांचं, सगळी खांबांवर उभी. मे बुआ नावाच्या म्हातारीकडे आम्ही उतरलो. "मे" म्हणजे आई. भन्ते म्हणाले, पश्याला पाण्यातून हिनंच काढलं, हिनंच धुतलं आणि लेकीच्या लग्नासाठी विणून ठेवलेलं लुगडं त्याच्यावर घातलं. सुवर्णानं तिचे पाय धरले. मे बुआनं तिला उठवून स्वतःजवळ बसवलं आणि दोघी एकमेकींच्या भाषेतलं काही न कळता बोलत राहिल्या. मी अंगणात जाऊन बसलो. तिथं लांबट लोखंडी नळकांड्याच्या अर्ध्या फाळीत मिरची लावलेली होती. एखाद्या टँकरचं भंगार असेल, असं मला वाटलं.

भन्तेंनी रात्री जेवताना सांगितलं, की अपघातात गेलेल्याला इथं जाळत नाहीत, लांब रानात पुरतात, कारण लोकांना त्याच्या भुताची भीती वाटते. मी मनातल्या मनात चिडलो. माझ्या पोराचं भूत? त्यानं जन्मात मुंगी मारली नव्हती.

सकाळी भन्तेंना गावात एका घरी भोजनदान होतं. मे बुआ एकटीच आम्हाला घेऊन निघाली. तासाभरानं झाडी विरळ झाली, डोंगराच्या पायथ्याशी पुराचा गाळ वाळून पिठासारखा पसरला होता. त्याच्या पलीकडे, तीस-पस्तीस पावलांवर, गोल दगडांची एक रास आणि बांबूला बांधलेला एक फाटका निळा रुमाल. पश्याचाच! मी तो त्याला शेगावच्या जत्रेतून आणून दिला होता.

गाळाच्या अलीकडे लाल रंग फासलेल्या दगडांची ओळ होती. मे बुआनं माझी बाही धरली, दगडांकडे बोट दाखवलं, मान जोरजोरात हलवली. तिच्या डोळ्यांत भीती होती.

आता माझं ऐका. माझ्या बापानं, पुंजाजीनं, दीक्षा घेऊन आल्याबरोबर बांधावरचा शेंदूर फासलेला दगड उपटून घराच्या पायरीला लावला होता. त्या पायरीवर पाय देऊन मी लहानाचा मोठा झालो. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस लाल दगडाला भिणार? माझ्या पोराच्या आणि माझ्या मध्ये भुताची वेस घालतात काय! मी बाही सोडवली. सुवर्णाला म्हटलं, तू थांब, मी पुढचा रस्ता बघून येतो. आणि पिशवी घेऊन दगड ओलांडले.

मे बुआ किंचाळली. मी मागं पाहिलं नाही.

राशीजवळ गुडघे टेकले. "पश्या, बाबा आले रे," एवढंच तोंडातून निघालं. दगडांवरून हात फिरवला, जसा तो झोपल्यावर पाठीवरून फिरवायचो. मग शाल सोडून खुरपं काढलं. पहिला घाव. दुसरा. मूठभर माती डाव्या हातात धरून तिसरा मारला.

टण्ण!

दगडाचा आवाज वेगळा असतो. मी बोटानं माती बाजूला केली. गंजलेलं, गोल, मोसंबीएवढं.

पाटी! स्टँडवरची पाटी! तो चेंडू खेळायचा नव्हताच. अंगणातली ती फाळी टँकरची नव्हती, बॉम्बच्या कवचाची होती. हे लाल दगड कोणी भुतासाठी मांडले नव्हते. सगळं एका क्षणात कळलं. आजूबाजूला पाहिलं तर गाळात आणखी एक. त्याच्यापुढे आणखी एक! मी त्यांच्यामधून चालत आलो होतो.

खुरपं अलगद खाली ठेवलं. वळायचं म्हटलं तर पाय नव्या जागी टाकावा लागणार. मी हललोच नाही. किती वेळ, कोण जाणे. खरं सांगतो, एकदा मनात आलं, इथंच बसून राहावं. पोरापाशी.

तेवढ्यात मागून सुवर्णाचा आवाज आला. मे बुआच्या हातवाऱ्यांतून तिला सगळं समजलं होतं. ती रडत नव्हती.

"पश्याचे बाबा, आयका. एक पोरगं देलं म्या या मातीले. आता तुमाले नाई देत. उठा."

मी उठलो.

"तोंड तिकडंच राहू द्या. मांगं पाहू नका, तुमच्या पायाचे ठसे मले दिसून राह्यले. उजवा पाय मांगं. येऊ द्या."

येऊ द्या! एकतीस वर्षं माझे कंडक्टर गाडीच्या मागं उभे राहून पत्र्यावर थाप मारत हेच म्हणायचे. ती माझ्या गाडीतून माहेरी जायची तेव्हा तिनं ते ऐकलेलं. मी डाव्या मुठीतली माती पश्याच्या राशीवर सोडली. लाओसचीच माती, त्याच्याच उशाची. तीच मूठमाती झाली. खुरपं तिथंच राहिलं.

"येऊ द्या. आता डावा. थोडा इकडं, इकडं... हाव. येऊ द्या."

टाच आधी, मग बोटं. घाम डोळ्यांत उतरत होता. एकदा पाय घसरला, तिचा आवाज तुटला, पुन्हा लागला. "थांबा. पाय उचला. अस्सं. येऊ द्या." रिव्हर्स घेताना ड्रायव्हर आरशात बघतो, मी समोर बघत होतो. निळा रुमाल लहान होत गेला. पोराकडे तोंड करून मी त्याच्यापासून लांब लांब आलो, पावला-पावलानं, तिच्या शब्दावर.

"बस!" ती म्हणाली, आणि माझी पाठ तिच्या हातांना लागली.

मग मात्र ती माझ्या पाठीवर बुक्क्या मारत रडली. मीही रडलो. मे बुआ लाल दगडापाशी बसून होती. थोड्या वेळानं तिनंच हात जोडले आणि आपल्या चालीत बुद्धं सरणं सुरू केलं. आम्ही तिघांनी तिथूनच ते पश्याला म्हटलं.

परत आल्यावर भन्तेंनी सांगितलं ते सरळ होतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईत आकाशातून टाकलेल्या बॉम्बच्या पोटातले असे न फुटलेले गोळे अजून डोंगरात पडून आहेत. पश्याला पुरलं तेव्हा ती जागा साफ होती. सप्टेंबरातल्या दुसऱ्या पुरानं वरून ते वाहून आणले. मग लोकांनी लाल दगड मांडले. मे बुआचा नवरा त्याच डोंगरावर कुदळ मारताना गेला होता. हे सगळं आम्हाला आधी सांगायचं त्यांना सुचलंच नव्हतं. तिथल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं.

मी सुवर्णाला म्हटलं, "तुले सांगितलं नाई म्या. खुरप्याचं."

"म्या नागपुरातच पाह्यलं होतं."

"मंग काऊन नाई बोलली?"

ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "मलेबी तो घरी पाह्यजे होता ना."

तिची माती तशीच गळ्याशी होती. मी जिथं पोहोचलो तिथं माझ्याकडे ती नव्हती, आणि जिच्याकडे होती तिला पोहोचता आलं नाही. निघायच्या सकाळी तिनं फडकं सोडलं आणि मे बुआच्या अंगणातल्या त्या लोखंडी फाळीत, मिरचीच्या बुडाशी, अमडापूरची माती घातली. मे बुआनं वरून तांब्याभर पाणी ओतलं. पश्याच्या सदऱ्याचं ते फडकं सुवर्णानं तिलाच दिलं.

पाचव्या दिवशी चिखलीच्या स्टँडवरून अमडापूरची गाडी धरली. तिघांच्या सीटवर मी खिडकीशी, सुवर्णा कडेला, मध्ये निळी पिशवी. ती आता इतकी हलकी होती की गाडी सुरू होताच एका बाजूला पडली. कंडक्टर नवा होता, मला ओळखत नव्हता. त्यानं मशीन पुढं करून विचारलं, "काका, किती?"

इतक्या दिवसांचा ठरलेला आकडा जिभेवर येऊन अडकला होता.

सुवर्णानं पिशवी उचलून मांडीवर घेतली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "दोन."