लोअरीच्या वाटीतला वारा

ॲन्सेलचे गुडघे गेले, त्या वर्षी मी पहिल्यांदा धनुष्य हातात घेतलं.

ॲन्सेल माझा थोरला भाऊ. गावात ट्रॅक्टर दुरुस्त करतो. आमच्या वायोमिंगमध्ये बंदुकीने हरीण मारणारे घरोघरी आहेत. पण झाडं संपतात त्याच्याही वर चढून, बाणाच्या टप्प्यात जाऊन नर टिपणारा आमच्या गावात तो एकटाच. त्या वसंतात डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं, फार तर अजून एक मोसम, मग डोंगर बंद. त्या संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात आला, टोपी काढून टेबलावर ठेवली.

"नोला, सप्टेंबरात तू चल माझ्याबरोबर. वर."

"मी? मला शाळेच्या पोरांना कुस्करलेले बटाटे वाढता येतात, तेवढंच."

"तेच हात हवेत मला. पोरं किती का दंगा घालेनात, पळी हलत नाही तुझी."

त्याला मूलबाळ नाही, बायको कधीच सोडून गेली. जे काही त्याला येत होतं ते कुणाच्या तरी हाती सोपवायचं होतं, आणि माझ्याखेरीज कुणी नव्हतं. मी हो म्हटलं.

मग सगळा उन्हाळा तयारीत गेला. पाठीवर मिठाची पोती बांधून मी शाळेच्या मैदानाच्या पायऱ्या चढायची आणि उतरायची. ॲन्सेलने त्याच्या गवताच्या कोठारासमोर एक रबरी हरीण उभं केलं. कोठाराच्या माळ्यावरून, वरून खाली, मी त्याच्यावर बाण सोडायची. डोंगरात नेम असाच उताराला धरावा लागतो. पहिला महिनाभर बाण त्याच्या पाठीवरून जायचे.

"ते बघ, हसतंय तुला," खालून ॲन्सेल ओरडायचा. "अगं, हरणाला मारायचंय, त्याच्या मागच्या कुंपणाला नाही!"

पण नेमापेक्षा त्याचा सगळा जोर वाऱ्यावर होता. हरणाने पाहिलं तर ते विचार करतं, ऐकलं तर कान टवकारतं. वास आला की संपलं. म्हणून कपडे बिनवासाच्या साबणाने धुवायचे, देवदाराची पानं घालून पिशवीत बांधून ठेवायचे. खिशात पावडरची छोटी बाटली. ती दाबली की पांढरा ढग निघतो आणि वारा कुठे चाललाय ते दिसतं. पहाटे गार हवा डोंगरावरून खाली उतरते, ऊन चढलं की ती वर येते. "एवढं एक समजलं की अर्धी शिकार झाली," तो म्हणायचा. तंबाखूसुद्धा त्याने सोडली होती, निदान डोंगरावर तरी. एरवी तो खोलीत यायच्या आधी त्याचा वास यायचा, पुदिन्याच्या तंबाखूचा आणि डिझेलचा.

ऑगस्टमध्ये आम्ही जागा हेरायला वर गेलो. लोअरीची वाटी म्हणतात त्या ठिकाणी. तीन बाजूंनी कडे, मध्ये हिरवळ, आणि हिरवळीच्या मधोमध घराएवढाल्या दगडांचा एक ढीग. ॲन्सेल तिथे कधी उतरला नव्हता. वरच्या डोंगरधारेवरून मात्र वर्षानुवर्षं बघत आला होता.

भर दुपार होती. लख्ख ऊन. दुर्बिणीतून मला नर दिसले, वाढत्या शिंगांवर अजून मखमलीसारखी मऊ साल असलेले, दगडांभोवती बसलेले. मी त्याला दाखवले, पण बोलता बोलता मला काहीतरी खटकलं.

"ॲन्सेल, सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला का?"

हरणं कळपात बसली की एक इकडे बघतं, एक तिकडे. ही सगळी दगडांच्या ढिगाकडे बघत होती. शेकोटीभोवती माणसं बसतात तशी.

मी सवयीने बाटली दाबली. त्या वेळी हवा वर, आमच्या तोंडावर यायला हवी होती. पांढरा ढग आमच्यापासून खाली निघाला, वाटीच्या दिशेने, संथपणे. मध्येच थबकला. मग परत आला. पुन्हा खाली गेला.

ॲन्सेलने आपली बाटली काढली. त्याचंही तेच. आत... बाहेर... आत.

"दोन वारे आदळत असतील," तो म्हणाला. पण आवाज बारीक झाला होता. "थांब, मी खाली जाऊन बघतो. तुझी खुणांची तालीमही होईल."

शिकारीत एक जण धारेवर थांबतो आणि हरीण हललं की हाताच्या खुणांनी खालच्याला कळवतो. तेच करायचं ठरलं. तो लंगडत, वाकत, दगडादगडाआडून उतरला. मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. ढिगाशी पोहोचल्यावर त्याने वर बघून हात हलवला, आणि दोन मोठ्या दगडांमधल्या फटीत तो शिरला.

त्याच क्षणी माझ्या मानेवरून वारा खाली गेला. जातच राहिला. माझे केस पुढे ओढले गेले, गवत सगळं खाली लवलं. खडकातले उंदीर इतका वेळ चिवचिवत होते, ते गप्प झाले. मी वाट बघत होते की आता वारा परत येईल. तो येत नव्हता.

किती वेळ गेला कळलं नाही. सावल्या लांबल्या होत्या, एवढं खरं. मग तो ढिगाच्या पलीकडून बाहेर आला आणि सरळ हरणांमधून चालत निघाला. वारा त्याच्याकडून हरणांकडे जात होता. एकानेही मान वर केली नाही. एक नर उठला, आळस दिला, आणि त्याच्या मांडीला घासून पलीकडे जाऊन बसला.

ॲन्सेल वर आला तो एका दमात. लंगडत नव्हता.

"काय होतं आत?"

"काही नाही. गार होतं."

"एवढा वेळ काय करत होतास?"

"कुठला वेळ? गेलो नि आलो."

तो हसला. मी त्याच्या अगदी जवळ उभी होते. चढण चढून आलेला माणूस, अंगावर घामाचा थेंब नाही. आणि वास नव्हता. तंबाखूचा नाही, डिझेलचा नाही, माणसाचाही नाही. दगडाजवळ उभं राहावं तसं.

खाली आल्यावर मी स्वतःची समजूत घातली, साबणाचा गुण असेल. पण रविवारी तो माझ्याकडे जेवायला आला. माझा कुत्रा टक त्याच्यावर जीव टाकतो. त्याची पिकअप वळणावर आली की दाराशी नाचायला लागतो. त्या दिवशी ॲन्सेल समोर खुर्चीवर बसलेला, आणि टक दाराला नाक लावून बसला होता. ॲन्सेलने हाक मारली, "टक, ये रे म्हाताऱ्या." टकने कान टवकारले, उठला, आणि खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघायला लागला. शेपटी हलवत. वाट बघत.

ॲन्सेलने त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "यंदा आपल्याला कुणी वास घेऊन पकडणार नाही, नोला."

त्यानंतर मी एकदा म्हटलं, नको जाऊ या. त्याचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. "माझा शेवटचा मोसम आहे गं. एकदाच चल." तो माझा भाऊच होता ना? त्याला एकट्याला त्या जागी पाठवणं मला जमलं नाही.

शिकारीचा मोसम सुरू झाला त्या पहाटे आम्ही धारेवर होतो. उजाडत होतं. गवतावर कडक दहिवर पडलं होतं, बोटं दोरीवर बधिर होत होती. वारा आमच्या पाठीकडून थेट वाटीत उतरत होता. अशा जागी बसायचं नाही, हे मला त्यानेच शिकवलं होतं.

"ॲन्सेल, वारा उलटा आहे."

"असू दे."

नर खालून चरत चरत आला. मोठा होता. मखमल गळून शिंगं उघडी पडलेली, तांबूस. माझा वास त्याच्यापर्यंत जातच होता, तरी तो येत राहिला. कोठाराच्या माळ्यावरून रबरी हरीण असायचं तितक्या अंतरावर येऊन तो उभा राहिला आणि माझ्याकडे बघू लागला. शांतपणे.

"सोड," ॲन्सेल कानाशी कुजबुजला.

मी दोरी ओढली. माझ्या तोंडातून वाफ निघत होती, नेम धरताना डोळ्यांपुढे येत होती. तेव्हा मला जाणवलं, शेजारी वाफ नाही. ॲन्सेलची छाती वरखाली होत होती, पण तोंडासमोर काहीच नव्हतं. माझी नजर नकळत हरणाच्या पलीकडे, खाली गेली. दगडांच्या फटीतून वाफेचा एक छोटा ढग निघाला. विरला. ॲन्सेलची छाती फुगली, बसली. पुन्हा फटीतून ढग.

"सोड ना," ॲन्सेल म्हणाला, आणि त्या दोन शब्दांबरोबर खाली दोन ढग निघाले.

मी दोरी हळूहळू सैल केली. बाण भात्यात घातला. हे सगळं करताना हात हलला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

"मी खाली जाते, ॲन्सेल. थंडी वाजतेय."

तो रागावला नाही. "हो पुढे," एवढंच म्हणाला. "आलोच मी मागून."

उतरताना मी मागे वळून पाहिलं नाही. मागून पावलं येत होती. मी थांबले की थांबायची. देवदारांच्या रानात शिरल्यावर वाळक्या काड्या मोडल्याचा आवाज माझ्या अगदी पाठीशी यायला लागला, पण मानेवर श्वास कधी लागला नाही. मी नुसतं म्हणत होते, "ये हळूहळू, ॲन्सेल. गुडघे सांभाळ." मागे काड्या मोडत राहिल्या.

रान संपलं, खाली पिकअप दिसली. आत कुणीतरी बसलं होतं.

ॲन्सेल होता. खिडकी खाली करून थर्मासमधली कॉफी पीत होता, एका हाताने गुडघा चोळत होता. डोळे सुजलेले, गालांवर कित्येक दिवसांची दाढी. पहाटे तर त्याची दाढी गुळगुळीत होती. मी दाराशी गेले आणि वास आला. पुदिन्याची तंबाखू. डिझेल. घाम.

मला रडूच फुटलं. "तू... कधी आलास खाली?"

"काय माहीत गं. त्या दगडांतून बाहेर आलो तर धारेवर तू नव्हतीस. एवढा अंधार होता आत... हाका मारून घसा बसला माझा. कशीबशी वाट काढत आलो. आज वार काय?"

माझ्या मागची पावलं केव्हाच थांबली होती. मी घाईघाईने चढून बसले, गाडी सुरू केली. त्याच्या जुन्या पिकअपला एकच लांब बाक आहे. ॲन्सेल पलीकडच्या दाराला चिकटून बसला, आमच्या दोघांमध्ये माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"इकडे सरक ना," मी म्हटलं. "हीटर इकडे आहे."

तो सरकला नाही. समोर बघत होता. घाटात डावीकडे वळलं की तो दारावर दाबला जायचा. उजवीकडे वळलं की माझ्या खांद्याला काहीतरी टेकायचं आणि वळण सरलं की मागे व्हायचं. मी रस्त्यावरची नजर काढली नाही.

त्याच्या घरासमोर गाडी थांबवली. तो कण्हत, दार धरून उतरला. लगेच लावलं नाही. कुणी मागून उतरणार असेल तर आपण दार धरून थांबतो, तसा थांबला. बराच वेळ. मग वाकून त्याने आत पाहिलं, माझ्याकडे नाही, मधल्या जागेकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"नोला," तो हळूच म्हणाला, "ते उतरत नाहीये."