सत्तावीस नंबरची मस्टँग

"हॅलो, चामुंडी टेकडीवरून नंदी बोलतोय. कानात काय सांगायचंय?"

उदय खांबेटे सकाळी सातला फोन उचलायचा तो असा. समोरचा चिडला की त्याला बरं वाटायचं. मृदुला जाऊन चार वर्षं झाली होती, लेक टोरांटोला. म्हैसूरच्या गोकुलम भागातल्या त्याच्या घरात खालच्या योगवर्गाला येणारे गोरे सोडले तर 'गुड मॉर्निंग' म्हणायला कुणी नव्हतं. खोड्या काढल्या की लोक शिव्या द्यायला का होईना, पण फोन करतात, हे त्याने हेरलं होतं.

आज मात्र शिवी आली नाही.

"अंकल, शरत बोलतोय. जोक नको. गाडीचं आरसी बुक गेलं. परवा ट्रक येतोय!"

उदय ताडकन उठला.

विम्याच्या नोकरीत त्याने आयुष्यभर ठोकलेल्या गाड्या तपासल्या. आता छंद म्हणून जुन्या गाड्यांची कुळी काढायचा. गेला महिनाभर तो शरतच्या गाडीचा इतिहास जुळवत होता: १९६८ची मस्टँग. एके काळची लालभडक, आता पिकल्या पेरूच्या गुलाबी गरासारखी. मद्रासच्या एका वकिलातीतल्या साहेबाने ती बोटीतून आणली. साहेब गेल्यावर एका कॉफीमळेवाल्याने घेतली. १९७३ला ती रणोजीरावांकडे आली. रणोजीराव म्हणजे शरतचे वडील, म्हैसूरच्या जुन्या मराठा शिलेदारांचं घराणं. त्यांनी ही गाडी मद्रासजवळच्या चोळावरमच्या विमानपट्टीवर शर्यतीत पळवली, नंबर सत्तावीस. ते गेले तीन वर्षांपूर्वी. आता नंजनगूडच्या रस्त्यावर गाड्यांचं नवं संग्रहालय होतंय, तिथे ही गाडी जायची होती. संग्रहालयाची अट एकच: मूळ आरसी पुस्तक हातात, मगच गाडी ट्रकवर.

आणि नेमकं तेच पुस्तक गायब.

जयलक्ष्मीपुरमला रणोजीरावांच्या घरी उदय पोचला तेव्हा चौघं हॉलमध्ये बसली होती. शरत, कालच बेंगळुरूहून आलेला, मुक्काम हॉटेलात. संग्रहालयाची चंदना, मांडीवर फायली. मेकॅनिक शेषगिरी, नखात कायमचं ग्रीस. आणि शरतची आत्या सुमित्राबाई, वय शहात्तर, या घरात आता एकटीच.

कोपऱ्यात चौरंगावर देवीचा घट बसवलेला होता. नवरात्राची पाचवी माळ. उदयने आधी तिथे नमस्कार केला. पत्रावळीवरच्या मातीत गहू छान उगवले होते. उजवीकडचे चांगले बोटभर, डावीकडचे अजून डोळे चोळत होते.

"पुस्तक कुठे होतं?" उदयने विचारलं.

"डॅशबोर्डच्या खणात," शरत म्हणाला. "अमावास्येला येऊन गेलो तेव्हा मीच ठेवलं. लॉक केलं."

"कुलूप तोडलंय?"

"नाही. किल्लीने उघडलंय."

"किल्ली?"

"किचनच्या दारामागे, खिळ्याला. सगळ्यांना ठाऊक आहे."

उदय शेषगिरीकडे वळला. "तू कधी आला होतास?"

"दुसऱ्या माळेला, सार. बॅटरी चार्ज करायला. अम्मांनी किल्ली दिली."

"या इंजिनवर तुझा डोळा आहे, असं ऐकतो."

"गाडीवाल्या कुणाचा नाही, सार? तुमचा पण आहे की!"

उदय हसला. हा गडी आवडला त्याला. "चंदनाबाई, तुम्ही?"

"तिसऱ्या दिवशी मापं घ्यायला आले होते. शेडमध्ये तासभर एकटीच होते. पण पुस्तक घेऊन मी काय करू? तेच नाही म्हणून माझी गाडी अडलीय."

"ते पुस्तक दुसऱ्या कुणाला हवं असेल तर?"

चंदनाने फाईल पटकन मिटली. "मला आरोप आवडत नाहीत."

"मला फार आवडतात. सुमित्रामावशी, तुमचं काय म्हणणं?"

"अय्यो, माझं काय असतंय बा? मी म्हातारी, सुम्ने, गपचीप बसलेली एका जागी. किल्ली मागितली, दिली. कॉफी घेता न्हवं?"

"हा असा बूट घालून गाडीत बसतो, त्याला काही बोलत नाही?" उदयने शरतकडे बोट केलं.

"लई वेळा बोलले. त्याच्या बापानं नवमीला पूजा केलेली गाडी. ह्याला काय, फोर व्हील्स!"

"अत्ते, प्लीज," शरत म्हणाला.

उदयला आता खोडी सुचली. खोडी सुचली की त्याचा डावा कान हलायचा, असं मृदुला म्हणायची.

"एक वाईट बातमी आहे," तो मोठ्यांदा म्हणाला. "शेडच्या चौकटीला मला वाळवी दिसली. ओल मिळाली की ती कागद सोडत नाही. पुस्तक कुठेही लपवलेलं असू दे, दोन दिवसांत भुगा."

शेषगिरीने छताकडे पाहिलं. शरतने लॅपटॉपची बॅग झटकली. चंदनाने फायली छातीशी धरल्या. सुमित्राबाईंनी देवीकडे पाहून हात जोडले.

"बरं," उदय म्हणाला, "संध्याकाळी सहाला सगळे इथेच भेटू."

घरी येऊन त्याने पुन्हा रणोजीरावांचा अल्बम उघडला. तो महिनाभर त्याच्याकडेच होता. म्हैसूरच्या माणसाकडे कागदपत्रं सापडतीलच असं नाही, पण आयुधपूजेचे फोटो हमखास. नवमीला हत्यारं पुजायची. या घराण्यातल्या तलवारी कधीच गेल्या होत्या, म्हणून पूजा मस्टँगची. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, आणि भोवती अख्खं कूळ. १९७४च्या फोटोत दारावर चुन्याने रंगवलेला सत्तावीस आकडा स्पष्ट होता. शर्यतीचा पुरावा तोच. त्याचं काम खरं तर तिथेच संपलं होतं.

पण आज त्याने गाडी पाहिली नाही. माणसं मोजली.

१९७४ला एकतीस. १९९०ला बावीस. पुढे चौदा, मग नऊ. रणोजीरावांच्या शेवटच्या वर्षी पाच. शेवटचे तीन फोटो मोबाईलवर काढून छापून आणलेले. त्यांत माळ घातलेली गाडी होती. माणूस एकही नाही. फक्त पुढच्या काचेत पुसटसं प्रतिबिंब, हातात मोबाईल धरलेली एक म्हातारी बाई.

उदय बराच वेळ त्या काचेकडे पाहत बसला. खाली योगवर्ग सुटला. कुणीतरी वर बघून हात हलवला, पण उदयने खोडी काढली नाही.

सहा वाजता हॉलमध्ये सगळे हजर. उदयने चंदनाला आणि शेषगिरीला हात जोडले. "तुम्हा दोघांचा संबंध नाही. सकाळी चिमटे काढले, माफ करा. आता बाहेर शेडमध्ये कॉफी घ्याल? पुढचं घरातलं आहे."

दोघं बाहेर गेले. शरत अस्वस्थ झाला. "म्हणजे तुम्हाला मी वाटतो? माझीच गाडी मी का..."

"तू नाहीस. तू बूटसुद्धा लपवू शकत नाहीस." उदय खुर्ची ओढून बसला. "ऐक. पुस्तक अमावास्येनंतर गेलं. शेषगिरी आला दुसऱ्या माळेला, चंदना तिसऱ्या दिवशी, तू काल. आपण सगळे समजत होतो, यातल्या कुठल्या तरी दिवशी ते गेलं. पण ते पहिल्याच दिवशी गेलं, घट बसवायच्या आधी."

"कसं कळलं?"

"गव्हाने सांगितलं. तो घट बघ. उजवीकडे अंकुर बोटभर, डावीकडे नखभर. रोज घातलेलं पाणी उजवीकडे वाहतंय, कारण पत्रावळ डावीकडून उचलली गेलीय. तिच्याखाली, वस्त्राच्या आत, काहीतरी आहे. आणि ते बी पेरल्यापासून आहे. नंतर ठेवलं असतं तर सुरुवातीचे कोंब सारखे आले असते."

शरतने घटाकडे पाहिलं. मग आत्याकडे.

"एकदा घट बसला की दसऱ्यापर्यंत कुणी हलवत नाही," उदय म्हणाला. "आम्ही नाशिकचे, आमच्याकडेही हेच. अख्ख्या घराची झडती घेतली असती तरी त्याला कुणी हात लावला नसता. शिवाय पूजेतल्या गाडीचं पुस्तक गादीखाली, पायाखाली ठेवायला मन धजणार नाही. ते देवीपाशीच जाणार. असा विचार या घरात एकच माणूस करतं. सकाळी मी वाळवीची थाप मारली. ज्याने त्याने आपापले कागद सांभाळले. मावशींनी हात जोडले. मला वाटलं देवीला. हात जोडले खरे, पण नजर मातीवर होती."

सुमित्राबाई पदराच्या टोकाशी खेळत होत्या.

"प्लॅस्टिकात घातलंय," त्या हळूच म्हणाल्या. "भिजायचं नाही."

"पण का, अत्ते?" शरतचा आवाज चढला. "गाडी तुझ्या कामाची नाही. तुला ड्रायव्हिंग येत नाही. आप्पांचं नाव बोर्डावर लागणार होतं!"

"लागू दे की. मी नको म्हणले काय?"

"मग?"

उदयने अल्बममधले शेवटचे तीन फोटो टीपॉयवर एकाशेजारी एक ठेवले.

शरतने पाहिले. काचेतली बाई त्याला तिसऱ्या फोटोत दिसली.

"दर वर्षी फोन करते मी सगळ्यांना," सुमित्राबाई म्हणाल्या. "नवमी आली, गाडीची पूजा आहे, या. कुणी म्हणतंय लीव्ह नाही, कुणी म्हणतंय पोरांची परीक्षा. आयितु, राहू दे. पण गाडी आहे म्हणून फोन तर करता येतो. गाडी गेली की काय म्हणून बोलावू रे? मी एकटी आहे, या, असं म्हणू?"

शरतने तिसरा फोटो हातात घेतला.

"ट्रक नवमीच्या आधी येतोय म्हणालास. मला एक नवमी पाहिजे होती. शेवटची. दसऱ्याला घट उठला की पुस्तक तुझ्या हातात देणार होते. देवीसमोर सांगते."

शरत उठला. घटापाशी गेला, वाकला. हात पत्रावळीपर्यंत पोचला. पुस्तक काढलं की परवा ट्रक, बेंगळुरू, ऑफिस. उदय त्याला अडवायला उठला, पण पुन्हा बसला. हे काम त्याचं नव्हतं.

सुमित्राबाई म्हणाल्या, "काढ, बा. तुझंच आहे. फक्त हात धुऊन काढ."

शरतने खाली पाहिलं. पायात बूट होते. तो तसाच मागे सरकला, दाराशी जाऊन लेस सोडू लागला. वाकल्या वाकल्याच त्याने हाक मारली, "चंदना मॅडम! ट्रक दसऱ्यानंतर. हो, बुक सापडलं. नाही, आत्ता देता येत नाही. देवी बसलीय त्याच्यावर."

शेडमधून शेषगिरीचं खो खो हसणं ऐकू आलं.

"आणि नवमीपर्यंत तू?" उदयने विचारलं.

"लॅपटॉप आहे ना. काम इथूनच करतो." मग आत्याकडे न बघता म्हणाला, "हॉटेलचा चहा बेकार आहे."

सुमित्राबाई स्वयंपाकघरात गेल्या. डबा उघडल्याचा आवाज आला. तांदूळ पडल्याचा, पुन्हा डब्यात ओतल्याचा, पुन्हा पडल्याचा. मग त्या हातात वाटी घेऊन दारात आल्या.

"उदयराव, तुम्ही पण जेवूनच जायचं. पण एक सांगा, तीन माणसांना तांदूळ किती लागतोय? माझा अंदाजच गेला."

उदयने शरतकडे पाहिलं. शरतने उदयकडे. दोघांनाही सांगता येईना.