मिनिटाला चोवीस

१९९९ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीत, माझा धाकटा भाऊ संघर्ष देवळाली कॅम्पातून एक जुनं गॅस ग्रिल घेऊन आला. टेम्पोतून उतरवताना त्याचं एक चाक निखळलं आणि घरंगळत अंगणात आईच्या खाटेखाली गेलं.

"चूल आणली का मोटार?" आईने विचारलं.

"साहेब लोकांची चूल आहे, आई. परदेशी. खाली गॅस, मधे जाळी, वर झाकण. कोंबडी ठेवायची, झाकण लावायचं आणि पेपर वाचत बसायचं."

"पेपर तू वाचशील. कोंबडी कोण आणंल?"

संघर्षची सातपूरची कंपनी उन्हाळ्यात बंद पडली होती. संध्याकाळी कॅम्पाच्या बाजारात भाजलेली कोंबडी आणि पनीर विकायचं त्याच्या डोक्यात होतं. ग्रिल त्याने भिकन नावाच्या भंगारवाल्याकडून आणलं होतं. कुणा अधिकाऱ्याची बदली झाली, त्या घरातलं सामान.

"ताई, गॅसचं तू बघ," तो म्हणाला. "गंज मी काढतो."

मी नाशिकरोडच्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. जेल रोडला आमचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे अंगण आणि त्यात एक पेरूचं झाड. आई दिवसभर त्या झाडाखाली खाटेवर बसून असायची. सिन्नरला तीस वर्षं तिने बिड्या वळल्या होत्या. तंबाखूची ती धूळ आता तिच्या छातीतून जात नव्हती. डॉक्टरांनी मला एक काम दिलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ आईचे श्वास मोजायचे. मिनिटाला तीसच्या वर गेले तर वाट न बघता दवाखान्यात आणायचं. मात्र मोजतोय हे तिला कळू द्यायचं नाही, कारण कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. म्हणून मी तिच्या पाठीला तेल लावायचे. डावा हात पाठीवर, उजव्या मनगटावर घड्याळ. ती समजायची, मुलगी सेवा करते. साधारण चोवीस भरायचे. ते चोवीस राहावेत एवढंच मला त्या वर्षी हवं होतं.

सुट्टीचे पाच दिवस आम्ही ग्रिल सुटं करण्यात घालवले. जाळीवर जुन्या चरबीचा थर इतका घट्ट होता, की मी ती कॉस्टिक सोड्यात रात्रभर भिजत ठेवली. बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं निघालं. त्यात काही नवल नव्हतं, अशा नळ्यांत कोळी घर करतातच. गॅसच्या पाइपावर, पितळेच्या मुख्य जोडाला तपकिरी चिकटपट्टीचे सात-आठ वेढे होते. सामान बांधताना वापरतात ती पट्टी. मी ती ब्लेडने कापून काढली. खाली सुईच्या टोकाएवढं एक भोक होतं.

झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने ओरखडून आकडे लिहिले होते. एकाखाली एक. बावीस, चोवीस, चोवीस, सत्तावीस, एकतीस, चौतीस. मला आकडे लक्षात राहतात. मेकॅनिकने काही मोजलं असेल, असं मनात आलं. मग मी ते तारेच्या ब्रशने घासून टाकले आणि संघर्षने त्यावर काळा रंग मारला.

रविवारी सकाळी मी सगळे भाग साबणाच्या पाण्यात धुऊन पेरूखाली मांडले. पितळी जोडावर फेस राहिला होता. त्या भोकावर एक बुडबुडा आला.

मी जवळ गेले. सिलिंडर घरात होता. ग्रिलला रबरी नळीसुद्धा लावलेली नव्हती. पाइपाची दोन्ही टोकं उघडी होती, आत दाब यायला जागाच नव्हती. उन्हाने पितळ तापून आतली हवा फुगली असेल, असं मी ठरवलं आणि पाइप सावलीत सरकवला.

बुडबुडा फुटला नाही. तो वाटाण्याएवढा झाला, मग लहान होत भोकात परत गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला.

मोजणं ही माझी सवय आहे. मी घड्याळ बघितलं. मिनिटाला चोवीस.

तेलाची वाटी घेऊन मी आईकडे गेले. चोवीस.

एका वेळेला योगायोग म्हणता येतं. संध्याकाळी सव्वीस आणि सव्वीस आले. दुसऱ्या दिवशी आईला खोकल्याची उबळ आली तेव्हा मी अंगणात होते. फेसातला बुडबुडा थरथरत होता, एकदम मोठा होऊन फुटत होता आणि पुन्हा येत होता. उबळ थांबली. तो शांत झाला.

मी संघर्षला सांगितलं. तो हसला नाही. फक्त म्हणाला, "कॉलेजात असंच शिकवतेस का?"

"तू तिथे बस. बुडबुडा वर आला की 'आला' म्हण. बाकी काही बोलू नकोस."

तो पाइपापाशी उकिडवा बसला. मी आईच्या मागे बसून तिच्या पाठीवर तळवा ठेवला. मधे पेरूचा बुंधा होता, त्याला आई दिसत नव्हती.

"आला," संघर्ष म्हणाला.

माझ्या हाताखाली पाठ वर उचलली गेली होती.

"आला. आला."

"कोण आला रं?" आईने मान वळवली. "पोस्टमन का?"

"मुंगळा आलाय," तो म्हणाला. "आला."

"मुंगळे मोजायचं काम चांगलं मिळालं. पगार किती?"

आई हसली. हसताना श्वास दोन तुकड्यांत आला. संघर्षही म्हणाला, "आला, आला." मग आईने एक लांब सुस्कारा सोडला, आणि बराच वेळ माझा हात स्थिर राहिला. तिकडे संघर्षही गप्प होता. मग पाठ उचलली गेली.

"आला," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

तीन मिनिटांत एकदाही चुकलं नाही.

आईला सांगायचं नाही, हे आम्ही न बोलताच ठरवलं. सांगितलं असतं तर तिने श्वास वेगळा घेतला असता, आणि मला काहीच मोजता आलं नसतं. आज मी लिहिते आहे तेव्हा हे कारण किती साधं आणि किती चुकीचं होतं ते मला दिसतं. तेव्हा ते शास्त्राला धरून वाटलं.

ग्रिल परत करायचं असं संघर्षचं म्हणणं होतं. मी म्हटलं, आधी विचार करू. तोवर कुणी हात लावायचा नाही. मी पाइप विटांवर ठेवला. दिवसातून दोनदा ब्रशने जोडाला फेस लावायचे आणि बघायचे. माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता, पण निदान निरीक्षण होतं.

शनिवारी दुपारी कॉलेजातून लवकर आले. संघर्ष कॅम्पात गेला होता. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. दार उघडं होतं. आई अंगणात कुणाशी तरी बोलावं तसं स्वतःशी बोलत होती.

"रोहे," तिने हाक मारली.

"काय गं?"

"तुमच्या चुलीची नळी गळती हाय. फेस यायला लागलाय नुसता. मी लावला साबण."

हातातलं सूप तसंच राहिलं. आमच्या घरात शेगडीची नळी गळली की आई तेच करायची. गॅसवाला येईपर्यंत धुण्याच्या साबणाची वडी ओली करून भोकावर दाबून घासायची. भोक बुजायचं. तिच्याकडूनच मी ते शिकले होते.

मी बाहेर आले.

आई खाटेवर बसली होती. एका हातात निळ्या साबणाचा तुकडा. ती माझ्याकडे बघत होती. तोंड उघडं होतं.

तिची छाती हलत नव्हती.

ती खोकत नव्हती, घशाला हात लावत नव्हती. काहीतरी विसरल्यासारखा तिचा चेहरा होता.

मला शिकवलेलं सगळं सांगत होतं, आईकडे जा. तिला आडवी कर, तोंडाने श्वास दे.

मी पाइपाकडे धावले.

जोडावर निळा साबण अंगठ्याने दाबून गुळगुळीत केलेला होता. आईचं काम नेहमीच नीट असायचं.

मी नखाने खरवडला. वरचा निघाला. भोकातला निघेना.

मागे साबणाचा तुकडा जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

केसातला आकडा काढला. त्याचं टोक भोकात जाईना. दातांनी वाकवून टोक सरळ केलं. पुन्हा घातलं. फिरवलं.

साबणाचा निळा दाणा बाहेर आला.

त्यामागून बुडबुडा आला, लिंबाएवढा, आणि फुटला.

माझ्या पाठीमागे आईने श्वास ओढला. असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

मी वळले तेव्हा ती खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती. ओठ जांभळे होते. हळूहळू रंग परत आला.

"घास अडकल्यावानी झालं," ती म्हणाली. मग बराच वेळ माझ्या हातातल्या आकड्याकडे बघत राहिली. "चहा ठेव जरा."

सोमवारी मी भिकनकडे गेले. तो तराजूवर पत्रे टाकत होता. मी त्याला विचारलं, ग्रिल ज्या घरातून आलं तिथे कुणी आजारी होतं का.

"साहेबाची आई होती ना. म्हातारी. दम्याची," तो म्हणाला. "बदलीच्या दिवशीच गेली बिचारी. इकडं पॅकिंगवाले सामानाला पट्ट्या मारून ऱ्हायलेले, तिकडं आतून रडारड. सगळं बांधलेलं सामान तसंच पडलं. मग बाईंनी मला बोलावलं, हे आधी न्या म्हणाल्या. का हो मॅडम? काही खराब निघालं का?"

"नाही," मी म्हटलं. "चांगलं आहे."

ग्रिल आम्ही विकलं नाही, मोडलं नाही, भोक बुजवलं नाही. संघर्षने त्या पाइपाभोवती विटांचा कोनाडा बांधला आणि वर पत्रा टाकला. तो नंतर एका रोपवाटिकेत कामाला लागला, पुढे त्याचं लग्न झालं. मी तेल लावत राहिले आणि मोजत राहिले. आईने त्या जागेबद्दल कधी काही विचारलं नाही. फक्त मी कॉलेजला निघाले की ती म्हणायची, "चुलीकडं बघून घेतलंस का?" मी हो म्हणायचे.

ती आणखी तीन वर्षं जगली. २००३ च्या फेब्रुवारीत, एका दुपारी, घरीच गेली. माझा हात तिच्या पाठीवर होता. संघर्ष बाहेर कोनाड्यापाशी बसला होता. त्याने आत येऊन मला सांगायची गरज पडली नाही, आणि मीही त्याला काही सांगितलं नाही.

त्यानंतर दोन महिने मी कोनाड्याकडे गेले नाही. सगळं संपलं होतं. एप्रिलमध्ये मी भिकनला बोलावलं.

त्या सकाळी घरात पुन्हा माणसं होती. संघर्षची बायको दीपमाला आदल्या दिवशीच देवळ्याहून, माहेराहून आली होती. बाळंतपण तिकडेच झालं होतं. दीड महिन्याची मुलगी, दिशा. या घरात अजून तिची एकच रात्र झाली होती. ग्रिलबद्दल दीपमालाला आम्ही एवढंच सांगितलं होतं, की ताईंच्या प्रयोगाचं सामान आहे.

भिकनने कोनाडा मोकळा केला, झाकण आणि जाळी हातगाडीवर रचली. आता पाइप राहिला होता. भिकन नीटनेटका माणूस. खिशातून तपकिरी चिकटपट्टीचं बंडल काढून त्याने टोक दातांत धरलं.

"सुटे भाग सांडतात वाटेत," तो म्हणाला. "दोन वेढे मारतो."

"एक मिनिट," मी म्हटलं.

का म्हटलं ते मला माहीत नाही. सवय असेल. कोनाड्यात साबणाच्या पाण्याची वाटी कोरडी पडली होती. मी तिच्यात पाणी घातलं, ब्रश फिरवला आणि जोडाला फेस लावला.

बुडबुडा आला.

मी स्वतःचा श्वास रोखून धरला. तो थांबला नाही. आला, गेला, आला, गेला, भराभर. मोहरीएवढा लहान होता. मी घड्याळ बघितलं. मिनिटाला बेचाळीस. इतक्या वेगाने मोठं माणूस श्वास घेत नाही.

"मारू का पट्टी, मॅडम?" भिकनने जरा मोठ्याने विचारलं.

"हळू बोला हो," दीपमाला खिडकीतून म्हणाली. "आत्ताच झोपलीये."

फेसातला बुडबुडा एकदम उडाल्यासारखा झाला, क्षणभर थांबला, आणि मग आतून दिशाला उचकी लागल्याचा आवाज आला.