उलटा रेटा

इसिक-कुल तलावाकाठच्या त्या जुन्या आरोग्यधामात व्यायामाच्या हॉलला सदा ओल्या गिलाव्याचा वास यायचा. बुरुलकानच्या अंगवळणी पडला होता तो. डोक्याला मार लागून तोल हरवलेल्या माणसांना ती तिथे पुन्हा उभं राहायला शिकवत असे.

थंडीच्या तोंडावर कालमुरात आला. चाळिशीचा मेंढपाळ. नदी ओलांडताना दोघे भाऊ घोड्यांसकट वाहून गेले होते. हा डोक्याला मार लागून वाचला, धाकटा एसेन सापडलाच नाही.

कालमुरातला कठड्याशिवाय क्षणभरही उभं राहता येत नसे. बुरुलकानने त्याला मऊ गादीवर उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. अशा वेळी धडधाकट माणूससुद्धा जरा डोलतो. हा मात्र खांबासारखा उभा राहिला.

"इतके दिवस नाटकं करत होतास होय?"

"नाही, ताई."

तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाच्या बिघाडाने होत असेल असं, म्हणून तिने मनाची समजूत घातली. पण रोज तेच. मग तिच्या लक्षात आलं, डोळे मिटले की त्याचा उजवा कोपर अंगापासून किंचित दूर राहतो, आणि तिथली बाही मुठीत आवळल्यासारखी चुरगळते.

"कुणावर रेलतोस रे?"

"रेलत नाही. त्याने धरलंय. डोळे उघडले की सोडतो. नदीत त्याचा हात माझ्या हातात होता, ताई. मी सोडला."

बुरुलकान त्याच्या डाव्या बाजूला गेली. तोल अजमावायला खांद्याला धक्का द्यायचा, हे तिचं रोजचंच काम. तिने हलकेच ढकललं. मग जोर लावून.

त्याचं अंग सैल होतं. तरी तिच्या तळव्याला उलटा रेटा आला. पलीकडून कुणीतरी तिचा जोर अजमावत होतं.

तिने हात काढून घेतला.

"डोळे उघड."

"पडेन."

"पड. मी आहे ना."

त्याने मान हलवली. "एकदा सोडला. आता नाही."

बर्फ पडायच्या आत तो मिटल्या डोळ्यांनी लांबलचक व्हरांडा चालू लागला. बुरुलकान सोबत असायची, पण डाव्या बाजूनेच.

न्यायला त्याची आई आली. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. कालमुरात पायऱ्या उतरत असताना म्हातारी टक लावून बघत होती, त्याच्याकडे नव्हे, त्याच्या उजवीकडे.

तिने गाडीचं मागचं दार उघडलं. एक माणूस आत बसेल इतका वेळ धरून ठेवलं. हळूच लावलं.

शेवटच्या पायरीवर, मिटल्या डोळ्यांनी, कालमुरात डोलू लागला.