मधली सीट

लोकांची कुत्री-मांजरं विमानातून परदेशी पोचवायची, हे माझं काम. हसू नका, पोटापाण्याचाच धंदा आहे. माणसं नोकरीपायी, मुलांपायी देश सोडतात, सामान जहाजाने पाठवतात, आणि घरातलं कुत्रं मागे राहतं. मग त्याला लेकरासारखं सांभाळून नेणारं कुणीतरी लागतं. नऊ वर्षांत साठेक जनावरं पोचवली असतील मी. बहुतेक आता आठवतही नाहीत. बटणी आठवते.

फोन तिच्या मालकिणीच्या मुलाचा होता. चाळिशीचा, अगदी अदबीने बोलणारा माणूस. आई सात महिन्यांपूर्वी त्याच्याकडे कायमची राहायला गेली होती, कुत्रं शेजाऱ्यांकडे सोडून.

"आई म्हणते, नको आणूस," तो म्हणाला. "पण मला ठाऊक आहे, खर्चाच्या भीतीने म्हणते. पुढच्या आठवड्यात तिचा वाढदिवस आहे. तिच्या हातातच ठेवायचंय मला कुत्रं. तिला अजिबात कळू द्यायचं नाही हं."

अशी कामं मला आवडायची. माणसांचा चेहरा उजळलेला बघायला मिळतो.

ठरल्या दिवशी सकाळी मी शेजाऱ्यांच्या दारात उभी राहिले. शिंपीकाम करणारे एक दादा आणि त्यांची बायको. बटणी पाच किलोंची होती, तांबूस केसांची, आणि नावाला शोभतील असे दोन काळे कुळकुळीत डोळे. मी तिला माझ्या मऊ बॅगेत ठेवलं. दोन्ही बाजूंना जाळी, तळाशी ओल शोषणारी गादी. वहिनींनी तिची वाटी, तिचं फडकं आधीच पिशवीत बांधून ठेवलेलं होतं.

"हिचा काही त्रास नाही," त्या म्हणाल्या. "दिवसभर आईंच्या बंद दारापाशी जिन्यात असते. आपली आपण खेळते."

शिंपीदादांनी मशीनवरून मान वर केली नाही. "निघा आता," ते म्हणाले. "विमान चुकेल."

दार लागलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. एवढीच घाई होती, असं मी तेव्हा समजले.

विमान चौदा तासांचं. सकाळी निघून सूर्याच्या मागोमाग पश्चिमेला जाणारं, म्हणजे अख्ख्या प्रवासात बाहेर दिवसच. मला खिडकीची सीट होती. मधली रिकामी. कडेला एक आडव्या अंगाचे गृहस्थ, लिफ्ट दुरुस्तीची कामं करणारे, मानेभोवती उशी अडकवून आधीच तयार बसलेले. मधली सीट रिकामी राहणं म्हणजे आमच्या धंद्यात लॉटरीच. मी तिच्यावर माझी कागदांची फाइल ठेवली, शाल ठेवली, बॅग पुढच्या सीटखाली सरकवली, आणि बूट काढले. कुत्र्याला औषध देऊन झोपवायचं नसतं, वर हवेत श्वास मंदावतो. बर्फाचा खडा चाटायला द्यायचा आणि पावलाने बॅगेला हलकंसं टेकून राहायचं, म्हणजे त्याला सोबत वाटते. तसं टेकून मी बसले, आणि मला डुलकी लागली.

जागी झाले तेव्हा फाइल आणि शाल माझ्या मांडीवर होती. शालीची व्यवस्थित चौकोनी घडी घातलेली.

एअर होस्टेस जेवणाची गाडी घेऊन आमच्या रांगेपाशी आली होती. तिने माझ्यापुढे ताट ठेवलं. मग मधल्या सीटपुढची फळी उघडून तिथेही एक ठेवलं.

"इथे कुणी नाही," मी म्हणाले.

ती थबकली, मग हसली. "हो का? आई आल्या की सांगा, मी चहा आणते. जेवण नको म्हणाल्या तरी थोडं खायला लावा."

"कुणाची आई?"

"आत्ताच मागे गेल्या," लिफ्टवाले ताटावरचा कागद सोलत म्हणाले. "तिसऱ्यांदा उठलो मी त्यांच्यासाठी. असू दे, वय झालंय."

मी मनाशी म्हटलं, असेल कुणी मागच्या रांगेतली म्हातारी. रिकामी सीट दिसली, येऊन टेकली असेल. मला झोप लागली की येते आणि उठायच्या आत जाते, एवढंच. फाइल उचलून माझ्या मांडीवर ठेवायचा आगाऊपणा मात्र मला आवडला नव्हता.

जेवणं झाली, दिवे मालवले गेले. खिडक्यांचे पडदे खाली ओढायला सांगितलं. बाहेर लख्ख दुपार, आणि आत तळघरासारखा अंधार. इंजिनांची घरघर एकसुरी झाली. माणसांनी तोंडावर ब्लँकेटं घेतली.

तेव्हा मला पावलाशी हालचाल जाणवली. बटणी बॅगेत फिरून बसत होती. खाली वाकून पाहिलं, तर ती माझ्याकडे पाठ करून मधल्या सीटच्या बाजूच्या जाळीला नाक लावून बसलेली. शेपटी बॅगेच्या कापडावर आपटत होती. टप... टप... टप. ओळखीचं माणूस आल्यावर आपटते तशी. आणि वास येत होता. बंद कपाट खूप वर्षांनी उघडल्यावर येतो तो, डांबराच्या गोळ्यांचा.

गादी बदलायची वेळ झालीच होती. मी बॅग उचलून छातीशी धरली आणि सामानाच्या कप्प्याखाली वाकून अर्धवट उभी राहिले. "जरा जाऊ देता का?"

लिफ्टवाले जागेच होते. ते उठून वाटेत उभे राहिले, आणि त्यांनी मधल्या सीटकडे हात पुढे केला.

"या आजी, धरा. सावकाश."

मी सीटकडे पाहिलं. तिथे एअर होस्टेसने ठेवलेलं ब्लँकेट चपटं पडलेलं होतं. बाकी काही नाही.

"एक मिनिट थांबा, ताई," ते मला म्हणाले. "यांना गुडघ्यामुळे उठायला वेळ लागतो." त्यांचा पंजा हवेत अर्धवट मिटलेला होता, कुणाचा तरी हात त्यात असावा तसा. हाताच्या शिरा ताणल्या होत्या. वजन पेलत होते ते.

मी खाली बसले. मला जायचं नाही, असं सांगितलं की काहीच सांगितलं नाही, आठवत नाही. ते म्हणाले, "बसा बसा आजी, नाही जायचं त्यांना," आणि हात सैल सोडला. मधल्या सीटची गादी हलकेच दबल्याचा आवाज मी ऐकला.

एका बाजूला खिडकी, पुढे सीटची पाठ, आणि बाहेर पडायची एकुलती एक वाट तिथून. साठ वेळा मी अशा जागी बसले असेन. माणसाला किती थोड्या जागेत कोंडता येतं, हे तोवर कधी मनात आलं नव्हतं.

विमान जरा हिंदकळलं. एअर होस्टेस बॅटरीच्या उजेडात पट्टे तपासत आली. आमच्या रांगेपाशी वाकून तिने मधलं ब्लँकेट उचललं, हनुवटीपर्यंत घ्यावं तसं वर ओढलं आणि दोन्ही बाजूंनी खोचलं. मला ते सीटच्या पाठीवर सपाट पडलेलंच दिसत होतं. ते तिने मायेने थोपटलं.

"मला दुसरी जागा द्या," मी म्हणाले. "कुठेही. मागे, दाराजवळ..."

"विमान भरलंय हो," ती कुजबुजली. "आणि यांना एकट्यांना टाकून कशा जाल?"

ती पुढे गेली. मी लिफ्टवाल्यांकडे झुकायला गेले, आणि मध्येच थांबले. कुणाच्या तरी अंगावरून झुकल्यासारखं झालं असतं ते. तिथूनच विचारलं, "तुम्हाला... दिसतात त्या?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

"ताई, मी बोलू नये," ते म्हणाले. "घरात होतात भांडणं. पण म्हातारं माणूस आहे. सहा तास झाले, तुम्ही एकदा तोंड वळवून बघितलं नाहीत त्यांच्याकडे. त्या मात्र मघापासून तुमच्याकडेच बघतायत. पापणी लवत नाही त्यांची."

मी खिडकीकडे वळले. पडदा चार बोटं वर केला. बाहेर पांढराशुभ्र ढगांचा सडा आणि डोळे दिपवणारं ऊन. त्या उन्हाची एक पट्टी मधल्या सीटवर पडली असणार. मी वळून बघितलं नाही. मागून कुणीतरी झोपेतच कुरकुरलं, उजेड येतोय म्हणून. मी पडदा पुन्हा खाली ओढला.

"काय..." मी काचेकडे तोंड करूनच विचारलं, "काय हवंय त्यांना?"

"कुत्र्याला मांडीवर घ्यायचंय, दुसरं काय," लिफ्टवाले म्हणाले. "मला म्हणाल्या, ही देत नाही."

मी बॅग उचलून माझ्या मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी कवटाळली. नियम मोडला, पण कुणी हटकलं नाही. बटणी आत उठून उभी होती, माझ्या दंडाला आतून पायाने ढकलत होती, त्या बाजूला जायला. थोड्या वेळाने बॅगेचा पट्टा ताणला गेला. हिसका नव्हता. लहान मुलाच्या हातातली वस्तू काढून घेताना मोठी माणसं ओढतात, तसं धीराने, न रागावता ओढणं. मी घट्ट धरलं. पट्टा सैल झाला. पाच मिनिटांनी पुन्हा ताणला गेला.

किती वेळ चाललं हे, सांगता येणार नाही. घड्याळ लावून दोन तास तरी. माझे हात भरून आले होते, बोटांना मुंग्या आल्या होत्या, लघवीला जायचं होतं ते तर सोडाच. तोंडातल्या तोंडात मी काय काय पुटपुटत होते. कुणी माझं ऐकणार नव्हतं. सगळ्यांच्या लेखी मी आईशी अबोला धरलेली एक हटवादी बाई होते.

पुढच्या वेळी पट्टा ताणला गेला तेव्हा मी सोडला.

हो, सोडला. कुत्रं माझ्या हवाली केलेलं होतं, आणि मी ते दिलं. तुम्हाला काय वाटायचं ते वाटू दे.

माझ्या मांडीवरचं वजन सरकत गेलं. चेन उघडल्याचा आवाज आला, एकेक दात मोजत उघडावी तसा, सावकाश. मग बटणीचा एक लांब, समाधानी सुस्कारा. वास ओसरला.

"एवढंच हवं होतं बघा त्यांना," लिफ्टवाले म्हणाले, उशी नीट केली आणि घोरायला लागले.

विमान उतरेपर्यंत मी कपाळ पडद्याला टेकवून बसले होते. दिवे लागले तेव्हा बॅग मधल्या सीटवर होती, चेन बंद, आत बटणी गाढ झोपलेली. लिफ्टवाले गर्दीत पुढे निघून गेले होते. जनावरांच्या डॉक्टरांनी तिथल्या खिडकीवर तिच्या कातडीखालची ओळखीची चिप तपासली, दात पाहिले, ताप पाहिला. "एकदम मजेत आहे," म्हणाले. "एवढ्या प्रवासानंतर इतकं शांत कुत्रं बघितलं नाही."

बाहेर मुलगा उभा होता. शेजारी ठेंगणी, गोल चेहऱ्याची, चष्म्यातली बाई, त्याची आई. कुणी पाहुणे यायचेत असं सांगून त्याने तिला आणलं होतं. मला बघून त्याने बॅगेकडे बोट केलं आणि हसत तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

तिने बॅगेकडे बघितलं. हात पुढे केले नाहीत. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली. बघता बघता चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"बघा, बोलताच येईना तिला," मुलगा मला म्हणाला. "मी गाडी आणतो." आणि तो पळाला.

आम्ही दोघीच उरलो.

"मी हिला मुद्दाम ठेवून आले होते," ती हळूच म्हणाली. "हिच्या नादात त्या तिथेच राहतील, असं वाटलं होतं मला."

माझी मागे वळायची हिंमत नव्हती. "कोण आहेत त्या?"

"ते कळलं असतं तर घर सोडलं असतं का मी?" तिने ओठ ओले केले. "वाटेत... बोलल्या का काही?"

"माझ्याशी नाही."

"मग तुम्ही सुटलात," ती म्हणाली.

मला काहीतरी बोलायचं होतं, क्षमा मागायची होती. पण गाडी आली. मुलाने बॅग मागच्या सीटवर ठेवली. तिची चेन मी स्वतः ओढून पाहिली, बंद होती. तो म्हणाला, "आई, मागे बस ना तिच्याजवळ." ती पुढे बसली, पट्टा लावला आणि समोर बघत राहिली. एकदाही वळली नाही.

गाडी निघाली. मी तिथेच रस्त्याच्या कडेला उभी होते, टळटळीत उन्हात, हातात रिकामी पाण्याची बाटली. गाडी वळणाशी हळू झाली, तेव्हा मागच्या काचेत मला बटणी दिसली. बॅगेबाहेर, काचेच्या मधोमध, कुणीतरी उचलून धरल्यासारखी उंच. आणि लहान मुलाचं मनगट धरून त्याला टाटा करायला लावतात ना, तसा तिचा पुढचा एक पाय माझ्या दिशेने वर झाला होता, आणि हळूहळू हलत होता.