दोनशे बारा मीटरवर कोण?

चंद्रावरच्या भेगेवर पूल बांधला तांडेलबाईंनी आणि पोटात दुखायला लागलं गुंजाळसरांच्या. वीस वर्षं वसाहतीतले पूल तेच बांधत आलेले. आता मेसमधला पहिला चहासुद्धा तिला! त्यात परीक्षक म्हणून नेमलं त्यांनाच. पूल नापास झाला की तो उतरवायचा आणि तिथे गुंजाळांचा उभा करायचा, असं ठरलेलं.

"मला कळेल असं सांगा बाई," वसाहतीचे चीफ सावनूर म्हणाले.

"पूल वाकतो त्याचं समीकरण चौथ्या क्रमाचं, म्हणून टोकांना अटी चार. सर चारही अटी आधीच ठोकून टाकतात. मी दोनच ठोकल्यात. उरलेल्या दोन या व्यापक-अटी. म्हणजे टोकांनी किती कलायचं, ते अख्खा पूल कसा वाकलाय त्यावर ठरतं. मधे कुणी पाय ठेवला की दोन्ही टोकांना कळतं. दोन टोकांचे दोन आकडे. त्यातून वजन किती आणि कुठे, दोन्ही निघतं."

"म्हणजे आमच्या सासूबाईच की!" गुंजाळ फिसकन हसले आणि हळूच सटकले.

थोड्या वेळाने चाचणी सुरू झाली. रिकाम्या पुलावर आकडा शून्य यायला हवा होता. पडद्यावर आलं: एकशे त्रेचाळीस किलो, दोनशे बारा मीटर.

कॅमेऱ्यात पुलाची वरची बाजू मोकळी. अर्ध्या तासाने गुंजाळ केस सारखे करत आत आले.

"काय, भूत बसलंय का पुलावर? नापास!"

"चांद्रपोशाख साठ किलोचा," तांडेलबाई म्हणाल्या. "उरले त्र्याऐंशी."

"मग बघा की फळा! त्र्याऐंशीचा माणूसच नाही इथे. मीच सगळ्यात जड, चौऱ्याहत्तर."

फळ्यावर आठवड्याचं वजन ज्याने त्याने लिहायचं. वाढलं की डॉक्टर मेसमधला गोड शिरा बंद करायचे.

"तराजू आणा," सावनूर म्हणाले.

पाचजण चढले, उतरले. सहावे गुंजाळ. त्यांनी बूट काढले, घड्याळ काढलं, श्वाससुद्धा आत ओढला. त्र्याऐंशी.

कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

"सर," तांडेलबाई म्हणाल्या, "मला न सांगता कुणीतरी पुलावर वजन ठेवावं, अशी चाचणी मी तीन महिने मागत होते. तुम्ही सही देत नव्हता."

सावनूरांनी त्या चाचणीचा फॉर्म गुंजाळांपुढे सरकवला. "आता द्या. इतकी कडक परीक्षा कुणी घेतली नसती. तीही पुलाखाली लोंबकळून!"

गुंजाळांनी सही केली. मग फळ्यापाशी जाऊन बोटाने चौऱ्याहत्तर पुसलं.